जोड्यांचें गांव

आमच्या लहानपणीं चामड्याचा जोडा उंबरठ्याच्या आंत आणण्याची सोय नव्हती. वडील बाहेरून आले कीं ओसरीच्या खालच्या पायरीवर जोडे काढीत, पाय धुवीत आणि मगच वर येत. पुढें थोरल्या काकांनीं पुण्याहून बाटाचे बूट आणले, तेव्हां आजीनें विचारलें, "नांव काय म्हणालास? बाटा? अरे, नांवांतच बाटणें आहे, आणखी काय सांगायला हवें?" घरांत हंशा पिकला. आजीही हंसली, पण त्या बुटांची जागा तुळशीवृंदावनापासून शक्य तितकी दूर, न्हाणीघराच्या मागें ठरली, आणि काका होते तोंपर्यंत ती तेथेंच राहिली.

हें नांव मूळचें कोठलें, याचा विचार आमच्यांपैकीं कोणीं केला नाहीं. मीं छत्तीस वर्षें शाळेंत शिकवलें, त्यांत भूगोलही शिकवला. परंतु बाटा म्हणजे कलकत्त्याकडील कोणी व्यापारी असावा, अशीच माझी समजूत होती. ती दूर झाली गेल्या वर्षीं, आणि तिच्याबरोबर दुसरीही एक गोष्ट मनांतून वर आली. ती सांगावी म्हणून हा लेख.

आमचे चिरंजीव मोटारींच्या कारखान्यांत अभियंते आहेत. टाटांनीं २००८ सालीं विकत घेतलेल्या इंग्रज कंपनीनें स्लोवाकिया देशांत नीत्रा या गांवीं कारखाना उभारला व तेथें २०१८ पासून मोटारी तयार होऊं लागल्या. तेथेंच चिरंजीवांची नेमणूक झाली. सूनबाईंचा आग्रह पडला म्हणून आम्ही उभयतां जवळजवळ तीन महिने त्यांच्याकडे राहून आलों.

मी जुनी अकरावी झालेला मॅट्रिक मनुष्य. इंग्रजी बेतासबात, आणि स्लोवाक भाषेचें तर एक अक्षरही ठाऊक नव्हतें. परंतु आजोबांनीं पहांटे उठवून अमरकोश पाठ करून घेतला होता, तो अनपेक्षितपणें उपयोगी पडला. भाजीवालीनें बोटांवर मोजून दाखवलें, "द्वा, त्रि," आणि पुढें "देसात्य, स्तो." मी चमकलों. हे तर द्वि, त्रि, दश आणि शत! घरीं येऊन नातवाच्या पुस्तकांत शोधूं लागलों. भावाला ब्रात, पुत्राला सिन, दाराला द्वेरे, आकाशाला नेबो, मधाला मेद, घराला दोम. भ्रातृ, सूनु, द्वार, नभस्, मधु, आणि वेदांतील दम. दूरच्या गांवीं आपल्याच आडनांवाचा कोणी भेटावा, तसें वाटलें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आतां यांना परदेश उरला नाहीं."

असो. एके शनिवारीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, येथून तासाभरावर जोड्यांचें गांव आहे. चला, दाखवतों." त्या गांवाचें नांव पार्तिझान्स्के. नीत्रा आणि नित्रित्सा या दोन नद्यांच्या संगमाजवळ, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत तें वसलें आहे. वस्ती वीस-बावीस हजारांची. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या तालुक्याच्या गांवास चार वेशी, दोन पेठा आणि एखादी दंतकथा असायची. येथें तसें कांहीं नाहीं. हें गांव वाढत गेलेलें नाहीं. तें कागदावर आंखून, मग बांधलेलें आहे.

त्याची हकीकत अशी. झेक देशांत झ्लीन नांवाचें एक गांव आहे. तेथें पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या एका घराण्यांत १८७६ सालीं तोमाश बाटा जन्मला. त्यांच्या भाषेंत त्या नांवाचा उच्चार 'बात्या'च्या जवळ जातो. १८९४ सालीं त्यानें भाऊ आन्तोनिन व बहीण आना यांच्यासह जोड्यांचा उद्योग काढला. हातानें शिवण्याच्या जागीं त्यानें यंत्रें आणलीं. १९२२ सालीं मंदी येऊन लोकांच्या हातीं पैसा उरला नाहीं, तेव्हां त्यानें आपल्या जोड्यांच्या किंमती एकदम निम्म्या केल्या. सगळे व्यापारी त्याला वेडा म्हणाले. दुकानांपुढें मात्र रांगा लागल्या. १९३१-३२ च्या हिवाळ्यांत तो विमानानें हिंदुस्थानांतही येऊन गेला, आणि त्याच १९३२ च्या जुलै महिन्यांत विमानाच्याच अपघातांत मरण पावला. पुढें त्याचा सावत्र भाऊ यान आन्तोनिन यानें कारभार हातीं घेतला. १९३४ सालीं कलकत्त्याजवळ हुगळीच्या कांठीं बाटानगर उभें राहूं लागलें, तें याच कारभारांत. म्हणजे काकांच्या बुटांचें मूळ घराणें हें!

१९३८ सालीं या कंपनीनें शिमोनोवानी या जुन्या खेड्याच्या हद्दींत जमीन घेतली. त्या खेड्याचा लेखी उल्लेख १२६० पासूनचा आहे. रेल्वे होती, नदी होती, आणि भोवतालच्या खेड्यांत कामाच्या शोधांत असलेले हात होते. वर्षभरांत तेथें जोडे तयार होऊं लागले. कामगारांसाठीं वस्ती बांधली, तिला मालकाच्या नांवावरून बात्योवानी म्हणूं लागले. तांबड्या विटांचीं चौकोनी घरें, प्रत्येकाभोंवतीं हिरवळ आणि फळझाडें, मध्यें लांबरुंद चौक. काम सर्वांनीं मिळून करावें, पण राहावें मात्र प्रत्येकानें आपापल्या घरीं, हें या कंपनीचें सूत्र होतें. झ्लीनच्या कारखान्यांत दोन खांबांमधलें अंतर ६.१५ मीटर ठरवलें होतें, आणि याच मापाच्या चौकटी जुळवून कंपनी आपल्या इमारती उभ्या करीत असे. एकाच कलबुतावर हजारों जोडे निघावे, तशीं एकाच मापानें गांवें काढलीं!

आपल्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास या व्यवस्थेंत कांहीं तरी ओळखीचें दिसतें. घर कंपनीचें, दुकान कंपनीचें, शाळा कंपनीची. चौदा वर्षांचीं मुलें वसतिगृहांत ठेवून त्यांना शिकवीत आणि कामही करून घेत. कर्ता पुरुष सगळ्यांचें पोट भरतो, आणि म्हणून सगळ्यांनीं कसें बसावें-उठावें हेंही तोच ठरवतो. हा अनुभव आपणांस नवा नाहीं. नोकरी गेली कीं घरही जावयाचें, हा धाक त्या हिरवळीखालीं असेच. परंतु ज्या मजुराच्या आजानें मातीच्या जमिनीवर जन्म काढला, त्याच्या नातवास नळाचें पाणी आणि स्वतःची खोली मिळाली, हेंही तितकेंच खरें आहे.

गांव बांधून होतें न होतें तोंच युद्ध आलें. मार्च १९३९ मध्यें स्लोवाकिया वेगळी झाली, ती जर्मनीच्या छायेखालीं. त्या राज्याचा अध्यक्ष योझेफ तिसो हा धर्मोपदेशक होता. त्याच्याच राजवटींत १९४२ सालीं अवघ्या सात-आठ महिन्यांत सुमारें अठ्ठावन्न हजार ज्यू लोकांना आगगाड्यांत भरून देशाबाहेर धाडण्यांत आलें, आणि त्यांतले फारच थोडे परत आले. शास्त्र पढलेला मनुष्य अन्याय करीत नाहीं, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. पुढें २९ ऑगस्ट १९४४ रोजीं त्या राजवटीविरुद्ध व जर्मनांविरुद्ध मोठा उठाव झाला. दोन महिन्यांत तो चिरडला गेला, आणि उरलेले लोक डोंगरांत शिरून लढत राहिले. या गांवचे लोकही त्यांत होते. त्या स्मरणार्थ ९ फेब्रुवारी १९४९ रोजीं गांवाचें नांव पार्तिझान्स्के, म्हणजे डोंगरांतून लढणाऱ्यांचें गांव, असें ठेवलें. कारखाना तत्पूर्वींच सरकारजमा झाला होता. त्यालाही २९ ऑगस्टचें नांव मिळालें. यान आन्तोनिन ब्राझीलमध्यें होता. १९४७ सालीं त्याच्या अनुपस्थितींत खटला चालवून त्यास पंधरा वर्षांची शिक्षा सांगितली. तो १९६५ सालीं तिकडेच वारला, आणि झेक न्यायालयानें त्यास निर्दोष ठरवलें तें २००७ सालीं. न्यायाचा पाय किती मंद चालतो, पाहा!

गंमत अशी कीं झ्लीनचेंही नांव १९४९ सालीं बदललें होतें. तें १९९० मध्यें लोकांनीं परत घेतलें. या गांवानें मात्र मालकाचें नांव परत घेतलें नाहीं. १९८९ नंतर सरकारी व्यवस्था कोसळली, पूर्वेकडील गिऱ्हाइक गेलें, स्वस्त परदेशी माल आला, आणि जेथें हजारों लोक काम करीत होते, तेथें कारखाना तुकड्यातुकड्यांनीं बंद पडला. जोड्यांचा धंदा लहान प्रमाणावर टिकला. विशेषतः रबरी तळाचे कॅन्व्हसचे बूट करण्याची जुनी रीत एका कारखान्यानें राखली.

चौकाच्या कडेला लिंडनच्या झाडाखालीं एक वृद्ध बाई बसल्या होत्या. वय ऐशींच्या घरांत असावें. चिरंजीवांनीं त्यांच्या भाषेंत नमस्कार केला, आम्ही बांकावर टेकलों. बाई प्रथम आमच्या तोंडाकडे पाहतील असें मला वाटलें. परंतु त्यांनीं पाहिलें माझ्या पायांकडे. मग चिरंजीवांना कांहीं तरी सांगितलें. ते संकोचून म्हणाले, "बाबा, त्या म्हणतात, तुमचा बूट जरा काढून दाखवा."

मी अडखळलों. साठी उलटलेल्या मनुष्यानें भर चौकांत पायांतील जोडा काढून एका परक्या बाईच्या हातीं द्यावा, हें आमच्या संस्कारांत कोठें बसेना. पण त्यांनीं हात पुढें केलाच होता. त्यांनीं तो बूट घेतला, मांडीवर ठेवला, चवड्यावर अंगठा दाबला, तळ वांकवला, शिवणीवरून नख फिरवलें. वेदमूर्तींनीं संहितेचा पाठ तपासावा, तसें त्यांचें लक्ष लागलें होतें. मग म्हणाल्या, "दोरा चांगला आहे. टाचेंत मात्र पुठ्ठा घातला आहे. दोन हिवाळ्यांत बसेल." त्यांनीं सत्तावीस वर्षें त्या कारखान्यांत बुटांचे वरचे भाग शिवले होते. यजमान रबराच्या विभागांत होते. "मी आतां व्दोवा," असें त्या म्हणाल्या, आणि चिरंजीव अर्थ सांगूं लागले, त्यांना मी थांबवलें. विधवा हा शब्द मला सांगावा लागला नाहीं.

मीं त्यांना कॅन्व्हसचे बूट कसे होतात तें विचारलें. त्यांनीं हातांनीं दाखवलें. कापड शिवून कलबुतावर ओढायचें, खालीं कच्च्या रबराचा तळ लावायचा, कडेनें रबराची पट्टी फिरवायची, आणि मग कलबुतासकट तो बूट बंद पेटीच्या आंत, दाबाखालीं भाजायचा. रबरांत मिसळलेला गंधक त्या उष्णतेनें रबराशीं बांधला जातो, आणि मऊ रबर चिवट होतें. "भट्टी नसेल तर हा बूट होतच नाहीं," बाई म्हणाल्या. "कितीही चांगला कारागीर असो, त्याला घरीं बसून हा करतां येणार नाहीं."

हें वाक्य चिरंजीवांनीं मराठींत सांगितलें, आणि मी गप्प झालों. त्यांना वाटलें मी दमलों.

१९८६ ची गोष्ट. मी आठवीला संस्कृत शिकवीत असें आणि कवायतीचें कामही माझ्याकडे होतें. त्या वर्गांत आमच्या गांवच्या चर्मकाराचा मुलगा होता. उच्चार इतके शुद्ध, कीं विसर्गाचा लोप कोठें होतो तें मला त्याला दुसऱ्यांदा सांगावें लागलें नाहीं. पंधरा ऑगस्टला सुभाषितें म्हणण्यासाठीं मींच त्याला निवडलें होतें. त्या दिवशीं सर्व मुलांनीं पांढरे कॅन्व्हसचे बूट घालून यावें, असा नियम होता, आणि तो नियम करणाराही मीच. मुलें ओला खडू फांसून बूट पांढरे करून आलीं. हा मुलगा स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, अनवाणी उभा होता. मी रांगेपुढें थांबलों आणि म्हणालों, "बाप गांवाला जोडे घालतो आणि लेक अनवाणी!" सगळी रांग हंसली. मींही हंसलों असेन. मग त्याला रांगेबाहेर काढलें. सुभाषितें दुसऱ्याच मुलानें म्हटलीं, आणि त्यानें दोन ठिकाणीं चुका केल्या.

दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. महिनाभरानें माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, म्हणून मी त्याच्या वडिलांकडे गेलों. त्यांनीं आरी-दोरा काढला, अंगठा शिवला, पैसे घेतले नाहींत. मुलाविषयीं विचारलें, तेव्हां मान वर न करतां म्हणाले, "पोराचं मन नाही लागत, गुरुजी." त्यांच्या घरांत रापी होती, आरी होती, लांकडी कलबूत होतें, गांवांतल्या निम्म्या पायांत त्यांच्या हातच्या वहाणा होत्या. परंतु मीं मागितलेला बूट शिवून होण्यासारखा नव्हता. तो दुकानांतून रोख पैसे देऊन आणावा लागे. आणि ज्या दुकानांतल्या स्वस्त बुटांनीं त्यांचें गिऱ्हाइक कमी केलें होतें, त्याच दुकानांत त्यांनीं जावें, असा माझा नियम होता. हें मला चाळीस वर्षांत सुचलें नाहीं. तें एका परक्या गांवच्या बाईनें, मला ओळखीत नसतां, एका वाक्यांत सांगितलें.

आजीनें बूट न्हाणीघराच्या मागें ठेवायला लावला, त्याला आपण सोंवळें-ओंवळें म्हणतों आणि आतां तें गेलें म्हणून समाधान मानतों. मी सुशिक्षित, मीं बूट घरांत आणला. पण बूट करणाऱ्याच्या मुलाला मीं रांगेबाहेर काढलें. यांत आजी अधिक चुकली कीं मी, याचें उत्तर मला ठाऊक आहे. आजीनें निदान कोणाचें शिक्षण बुडवलें नाहीं.

निघतांना गांवांतच एका दुकानांत तेथेंच तयार झालेले पांढरे कॅन्व्हसचे बूट मिळाले. एक जोड मीं घेतला. सौभाग्यवतींनीं विचारलें, "हे कोणासाठीं? हें माप आपल्या घरांत कोणाचें नाहीं." मी त्यांना त्या रात्रीं सगळें सांगितलें. चाळीस वर्षांच्या संसारांत ही एवढी गोष्ट मीं त्यांच्यापासून लपवली होती. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "परत गेल्यावर पहिल्यांदा तेथें जाऊन या."

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर त्याचें पादत्राणांचें दुकान आहे, हें मला ऐकून ठाऊक होतें. त्या रस्त्यानें जातांना मी नेहमीं पलीकडच्या बाजूनें जात असें. मी आंत शिरलों तसा तो उठला, "या गुरुजी," म्हणाला, स्टूल पुढें सरकवलें. मीं प्रस्तावना केली नाहीं. बूट पुढें ठेवले आणि म्हणालों, "पंधरा ऑगस्टचे राहिले होते."

त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. एक बूट उचलला, चवड्यावर अंगठा दाबला, तळ वांकवला, पट्टीच्या कडेवरून नख फिरवलें. तेंच, अगदीं तेंच! माझ्या डोळ्यांसमोर ती लिंडनखालची बाई उभी राहिली. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "माल चांगला आहे. पट्टी नीट भाजली आहे." मग हलकेंच म्हणाला, "आठवतंय, गुरुजी. सुभाषितंही आठवतात."

मी म्हणालों, "चूक माझी होती." तो नाहीं म्हणाला नाहीं, आणि असूं द्या असेंही म्हणाला नाहीं, आणि यांत त्यानें माझा मानच राखला, असें मला वाटतें. त्यानें चहा मागवला. ते बूट कोठले, म्हणून विचारलें. मीं त्याला त्या गांवाची सगळी हकीकत सांगितली. तिन्ही नांवें सांगितलीं. तो लक्ष देऊन ऐकत होता, जसा वर्गांत ऐकत असे. शेवटीं म्हणाला, "म्हणजे आधी खेड्याचं नांव, मग मालकाचं, मग लढणाऱ्यांचं. शिवणाऱ्यांचं नांव काही लागलं नाही, गुरुजी."

माझ्याजवळ याचें उत्तर नव्हतें. त्याची मुलगी नववींत आहे आणि तिनें संस्कृत घेतलें आहे. दर रविवारीं सकाळीं ती आमच्याकडे येते. ओसरीवर नव्हे, आंत माजघरांत, जेथें आजोबा मला अमरकोश सांगत, तेथें आम्ही बसतों. बूट तिला थोडे मोठे होतात. ती पुढें कापूस घालून घालते. पुढच्या वर्षीं बरोबर बसतील.